कवडूभाऊंचा उकिरडा

चांदा जिल्ह्यातल्या त्या धानाच्या मुलखात सोयरिकीला आलेले पाहुणे "शेती किती?" असं कधी विचारत नसत. ते बरं दिसत नाही. ते पाय धुवायचे, पानाला चुना लावायचे आणि मग त्यातला एखादा वयस्क माणूस सहज उठल्यासारखा उठून म्हणायचा, "जरा पाय मोकळे करून येतो." हे पाय मोकळे करणं कधीच लांबचं नसे. घराच्या कडेला उकिरडा असायचा, तिथवर जायचं, त्याच्याकडे खालून वर एकदा पाहायचं आणि परत येऊन बसायचं. उकिरडा छातीएवढा असला की बोलणी पुढे सरकत. गुडघ्याएवढा निघाला की पाहुण्यांना एकाएकी आठवायचं की घरी म्हैस व्यायला झाली आहे. जितकी जनावरं तितकं शेण आणि जितकं शेण तितकं धान, असा सरळ हिशेब होता. मी जिथं मास्तर होतो त्या गावात एकानं मुलाच्या सोयरिकीसाठी सख्ख्या भावाचं शेण उसनं आणून उकिरडा वाढवला होता. लग्न झाल्यावर ते परत करण्यावरून दोघां भावांत जी जुंपली, ती मी शाळेत वर्ग घेताना सगळी ऐकली आहे.

असे हे दारचे उकिरडे गावाबाहेर काढायचा नियम ज्या माणसानं केला, ते कवडूभाऊ.

मी वर्ध्याकडचा. त्या गावात मास्तर म्हणून गेलो तेव्हा ग्रामपंचायत नुकतीच झाली होती आणि कवडूभाऊ तिचे सरपंच होते. पंचायतीचं लिहिणं माझ्याकडे आलं, कारण ते करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात होतो, पुढे मुंबई राज्यात गेलो. कवडूभाऊंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "सरकार कोनतंबी असो, मास्तर, पानी खालीच येते," एवढंच ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. सून सासूशी का भांडते, तहसीलदार का चिडला, धान का पडलं, सगळ्याला त्यांच्याकडे हे एकच उत्तर असे, आणि त्यानंतर समोरच्यानं गप्प बसावं अशी त्यांची अपेक्षा असे.

माणूस उंचापुरा, हाडापेरानं मोठा. आवाज असा की तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, कुणाला हाक मारली तर माझी पोरं पाढे म्हणता म्हणता थांबत. खांद्यावर दुपट्टा, हातात बांबूची काठी. ती काठी चालायला नव्हती, उकिरडे टोचायला होती. कुणाच्याही उकिरड्यात काठी खुपसायची, मग हात घालून मूठभर खत काढायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "कच्चं हाये. झोपू दे त्याले आनखी." तोच हात मग ते माझ्या खांद्यावर ठेवून पुढच्या गोष्टी बोलत. मी तेव्हा नवा होतो, पांढरे सदरे घालत होतो. थोड्याच दिवसांत मी खाकी घालू लागलो.

ते तापट होते, हट्टी होते आणि चुकले तर चुकीची बाजूही मोठ्यानं मांडत. मला त्यांचा राग यायचा. पण एखाद्या दिवशी ते शाळेवरून गेले नाहीत तर चुकल्यासारखंही व्हायचं.

गाव उतारावर आणि उताराच्या पायथ्याशी जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळचा, तलाव. अख्खं गाव त्याचंच पाणी प्यायचं. प्रत्येक घराशेजारी उकिरडा, त्यामुळे मृगाचं पाणी पडलं की सगळ्या उकिरड्यांची राबडी गल्ल्यागल्ल्यांतून वाहत तलावात उतरायची. मग कित्येक दिवस पाणी चहाच्या रंगाचं. बाया ते लुगड्याच्या पदरातून गाळून घेत आणि गाळल्यावर ते स्वच्छ झालं असं सगळे मानत. मी यायच्या आधी एका पावसाळ्यात हगवणीनं गावातली बरीच लहान मुलं नेली होती. त्यात कवडूभाऊंचा धाकटा मुलगा होता. ते स्वतः हे कधी बोलले नाहीत. त्यांची बायको गयाबाई माझ्या बायकोजवळ एकदा बोलली, "त्या सालपासून यायले तलावाचंच लागलं, बाई. झोपीतबी तलाव तलाव करते हा मानूस."

नियम व्हायचा होता त्या दिवशी चावडीसमोर सगळं गाव जमलं. कवडूभाऊंचं म्हणणं साधं होतं. गावामागे बरड, म्हणजे नापीक माळ, आहे, त्याचा उतार तलावाकडे नाही, नाल्याकडे आहे. तिथं सगळ्यांनी एका मापाचे खड्डे खणायचे, शेण तिथं टाकायचं, वर माती ओढायची. दारात ढीग नको. खत शेतात नेताना बैलबंडी तलावाच्या पाळीवरून न्यायची नाही आणि बंडीचा बांबूचा तट्टा आतून लिंपलेला पाहिजे, वाटेत काही गळता कामा नये.

पहिला आक्षेप आत्मारामभाऊंनी घेतला. ते पंच होते आणि आक्षेप घेणं हे पंचाचं कामच आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. ते म्हणाले, "दिवाळीले आपन उकंड्यावर दिवा ठेवतो. लक्षुमी हाये ते. तिले गावाभाईर काढतेस, कवडू?"

"लक्षुमी का पांगळी हाये? जाईन चालत," कवडूभाऊ म्हणाले. "दिवा तिथी ठेव. मी ठेवीन तुया संगं."

लोक हसले. पण मग मागून बायांचा आवाज उठला आणि हसणं थांबलं. गोठा काढून शेणाची टोपली डोक्यावर घेणं हे बायांचं काम. आता ती टोपली दोन पावलांवर टाकायची ती बरडापर्यंत कोण नेणार? "कायदा तुमी करता, डोस्कं आमचं," एक म्हातारी म्हणाली. नियम कसाबसा मंजूर झाला, पण तो पाळला जाईल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा झाडून घेत होतो, तर रस्त्यानं सरपंच येत होते. दुपट्ट्याची चुंबळ करून तिच्यावर शेणाची टोपली, एक हात टोपलीला, दुसऱ्या हातात काठी. मागे पोरांची ही मोठी रांग. पुरुषानं शेणाची टोपली डोक्यावर घेतलेली त्या गावानं कधी पाहिली नव्हती. गयाबाई तोंडाला पदर लावून दारात उभी होती. लाजेनं की हसू दाबायला, ते कळेना. टोपली ओली होती, एक ओघळ कवडूभाऊंच्या कानामागून मानेवर उतरत होता आणि ते राजासारखे चालत होते. रोज चालले. मग एकेक करून इतर पुरुषही चालू लागले. आधी उजाडायच्या आत, कुणी पाहू नये म्हणून; मग ऊन पडल्यावरही.

आता कुणाला वाटेल की कवडूभाऊ करतील ते सरळच पडायचं. तसं नव्हतं. गोठ्यातलं मूत आणि शेणपाणी वाया जातं याचं त्यांना एकदा फार वाईट वाटू लागलं. रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी डांबराचं एक रिकामं पिंप टाकून दिलं होतं. ते त्यांनी बंडीवर चढवलं, शेणाच्या राबडीनं काठोकाठ भरलं, वर पोत्याचं तोंड बांधलं आणि पऱ्ह्याच्या वावराकडे, म्हणजे जिथं धानाची रोपं वाढवतात तिकडे, निघाले. मी म्हटलं, "भाऊ, हिंदकळेल." ते म्हणाले, "बैल माझे शाने हायेत." बैल शहाणे होतेच, पण उताराला पिंपाला ते कळलं नाही. त्याच वेळी खालून ब्लॉकच्या साहेबांची जीप येत होती. साहेब गावाची स्वच्छता पाहायला येत होते. पोतं सुटलं आणि पिंपातलं सगळं जीपच्या टपावरून, काचेवरून, साहेबांच्या मांडीवर उतरलं. साहेब मांडी झटकत खाली उतरले. कवडूभाऊंनी बंडीवरूनच हात जोडले. "साहेब, माफी असावी. पन शेनखात एक नंबरचं हाये." पुढच्या सभेत नियमात आणखी एक ओळ आली : पातळ खत नेताना भांडं अर्धंच भरावं, आणि झाकण लाकडाचं असावं. ती ओळ त्यांनी स्वतः सांगितली आणि स्वतःचं नावही सांगितलं, की हा नियम कुणामुळे झाला ते लोकांना कळलं पाहिजे.

त्यांची मुलगी यमुना तेव्हा लग्नाची झाली होती. बापासारखी उंच, बापासारखीच मोठ्यानं हसणारी. बापलेकीचं भारी जमायचं. ते घरात शिरले की "यमू" आणि ती बाहेरून आली की "बाबा", एवढंच त्या घरातून सारखं ऐकू यायचं. मूल गावाकडचं एक चांगलं स्थळ तिला सांगून आलं. मार्कंड्याच्या जत्रेत तिनं त्या मुलाला पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता, हे गयाबाईनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. म्हणजे ते अर्ध्या गावाला माहीत होतं आणि कवडूभाऊंनाही.

सुपारी फोडायला पाहुणे आले त्या दिवशी मीही ओसरीवर होतो. मुलाचे मामा बोलायला पुढे होते, शांत, समजूतदार माणूस. चहा झाला, पानं झाली आणि मामा पाय मोकळे करायला उठले. थोड्या वेळानं ते गोंधळलेल्या चेहऱ्यानं परत आले.

"कवडूभाऊ, गोठ्यात जनावरं तं दिसतात. उकंडा कुठी गेला?"

"बरडावर. चला, दाखवतो," कवडूभाऊ उत्साहानं उठले. त्यांना वाटलं, आपलं काम दाखवायची संधी आली.

बरडावर खड्ड्यांच्या ओळी होत्या, सगळे एका मापाचे, सगळ्यांवर सारखी माती. मामा कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. "यातले तुमचे कोनते?"

"हे तीन. बाजूचा चैतूचा हाये. त्याच्या घरी एकच गाय."

"सारे सारखेच दिसतात."

"सारखेच हायेत ना, भाऊ! मापच एक ठेवलं आमी." हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं, की मी मागून खोकलो. उपयोग झाला नाही.

मामा हसले. "कोनीबी म्हनन, हे तीन माझे."

ओसरीवर परत आल्यावर मामांनी गोष्ट नीट मांडली. त्यांचा स्वतःचा कवडूभाऊंवर पूर्ण भरवसा होता. पण लग्नात वऱ्हाड येणार, दहा गावची सोयरी माणसं येणार. नवरीच्या दारात उकिरडा नाही म्हटल्यावर लोक म्हणणार, कोणत्या भिकाऱ्याची पोरगी केली. "तवा लगन होईपर्यंत उकंडा दारात आना. मंग नेऊन टाका पुन्हा. आमची तेवढी इज्जत राखा."

मागणी काही मोठी नव्हती. आत्मारामभाऊ लगेच म्हणाले, "हो ना! पंचायत देईन सूट. लेकीचं काम हाये, कोनी नाई म्हननार नाई." आणि खरंच कुणी नाही म्हटलं नसतं. सूट द्यायला बसलेले सगळे पंच तिथंच होते. मी स्वतः मनातल्या मनात म्हणत होतो, की हो म्हणा, भाऊ, एकदा तरी हो म्हणा.

आतल्या दाराशी यमुना पानाचं तबक घेऊन उभी होती, नवं लुगडं नेसलेली. कवडूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं.

"लगन वैशाखाच्या शेवटी धरता तुमी," ते हळू म्हणाले. "मांडव उतरत नाई तं मिरीग येते. माझ्या दारचं सारं पानी तलावात जाते."

"एका उकंड्यानं काय होते, कवडू?" आत्मारामभाऊ म्हणाले.

"एकानं काई होत नाई. पन उद्या तुया घरी लगन, परवा चैतूच्या. मंग कोन्या तोंडानं नाई म्हनू मी?" ते मामांकडे वळले. त्यांनी हात जोडले होते. "पाहुने, मांडव म्हनान तेवढा टाकतो. पंगत म्हनान तशी देतो. सारी जनावरं दारात बांधून ठेवतो, वऱ्हाड्यायले मोजू द्या. पन उकंडा मी आनत नाई."

मामा टोपी सारखी करत उठले. "मंग आमालेबी विचार करा लागन," ते म्हणाले. वाईट काही बोलले नाहीत. सुपारी तशीच राहिली.

पाहुण्यांच्या बंड्या निघून गेल्यावर यमुनेनं तबक खाली ठेवलं. ती गोठ्यात गेली, नव्या लुगड्यानिशी खाली बसून तिनं शेण भरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि बरडाच्या वाटेला लागली. कवडूभाऊ ओसरीवरून उतरले. "यमू, राहू दे. मी नेतो ते." ती थांबली नाही. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला पाळीवर बसलेले दिसले. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"मास्तर, मी चुकलो का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग तिनं काऊन नाई पाह्यलं माझ्याकडे?"

आम्ही अंधारून येईपर्यंत तिथं बसलो आणि मग आपापल्या घरी गेलो.

मूलकडून पुन्हा निरोप आला नाही. पावसाळा आला. गावात एकही उकिरडा दारात परत आला नाही. आत्मारामभाऊंचासुद्धा नाही, आणि त्यांच्या घरी त्या वर्षी लग्न होतं. तलावाचं पाणी गढूळ झालं ते मातीनं तेवढं, आणि पाऊस जरा थांबला की पाणी निवळायचं. बाया घागर भरताना आता तळाशी पाहायच्या, तर पाण्याखालची दगडी पायरी दिसायची. त्या साली कोणाचं मूल गेलं नाही. हे सगळं कवडूभाऊंनी करून दाखवलं, आणि त्यांच्याच घरात ते कोणाशी बोलायची सोय राहिली नव्हती. गयाबाई हळूहळू बोलू लागली. यमुना बोलली नाही. ती त्यांना वेळेवर जेवायला वाढायची, पाय धुवायला पाणी द्यायची, सगळं करायची. सांगायचं असलं तर आईला सांगायची, "बाबाले सांग, बैल सुटला."

पुढच्या वर्षी तिचं लग्न वैनगंगेपलीकडे, मुलचेऱ्याच्या वाटेवरच्या एका गावी झालं. बेताचं घर, पण माणसं भली. निघताना ती आईच्या गळ्यात पडून खूप रडली. बापाच्या फक्त पाया पडली. कवडूभाऊंनी उचलायला हात पुढे केले तोवर ती बंडीत बसली होती. त्यानंतर ते उकिरडे टोचत हिंडायचे, भांडायचे, सगळं पहिल्यासारखं करायचे. पण चढाला लागले की मध्येच थांबायचे, जसं काही आणायचं राहून गेलं आहे.

मग माझी बदली नदीकाठच्या एका शाळेवर झाली.

तिथं उन्हाळ्याच्या तोंडी एका सकाळी मी घाटावर गेलो होतो. पलीकडे जाणारा डोंगा सुटायच्या बेतात होता आणि डोंगेवाला कोणाची तरी थट्टा करत होता. पाहतो तर कवडूभाऊ. डोंग्यात मधोमध मांडी घालून बसलेले, आणि मांडीवर कापडानं तोंड बांधलेली मातीची घागर.

"मास्तर!" त्यांनी तिथूनच आवाज दिला. आवाज तोच होता, पण अंग बरंच उतरलं होतं.

"पाहा ना, मास्तर," डोंगेवाला मला म्हणाला. "एवढी वैनगंगा हाये खाली, अन हा मानूस घरून पानी आनून राह्यला!"

मी जवळ गेलो. "भाऊ, हे काय?"

"यमूले दिवस गेले हायेत," ते म्हणाले. "काई गोड लागत नाई म्हनते. डोहाळे लागले आपल्या तलावाच्या पान्याचे. कासार गेलता तिच्या गावी बांगड्या घेऊन, त्याच्यासंगं निरोप धाडला तिनं."

"गयाबाईंना?"

त्यांनी मान हलवली.

"नाई. मले. 'बाबाले म्हना, घेऊन या,' असं म्हनली."

मला फार आनंद झाला. काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "सांभाळून जा, भाऊ." डोंगेवाल्यानं बांबू रेतीत रोवून डोंगा लोटला. कवडूभाऊ पलीकडच्या काठाकडे पाहत होते, आणि डोंगा धारेला लागून हलला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी ती घागर पोटाशी धरली.